थांबा, मी आहे ना

डोळ्यांसमोर आणा बरं. एक लांबट खोली. भिंतीकडेला आरामखुर्च्या, प्रत्येकीशेजारी औषधाची बाटली टांगलेली. कॅन्सरचं औषध थेंबाथेंबानं अंगात उतरतं आणि माणसं बसून कंटाळतात. अशा ठिकाणी कुणी प्रेमात पडेल? नाही ना... पण पडलं.

बाईंचा चष्मा खाली पडला. शेजारच्या खुर्चीतल्या निवृत्त लिफ्टमनकाकांनी तो उचलला, शर्टाला पुसला आणि पुढे केला.

"आणखी मळवलात," बाई म्हणाल्या. जन्मभर शाळेत शिकवलेलं, चूक दिसली की बोलायच्याच.

"पुढच्या वेळी धुतलेला शर्ट घालून येतो."

"पुढच्या वेळीही मी चष्मा पाडणार, असं कोण म्हणालं?"

"वाट बघायला काय जातं..."

मग दोघांच्या तारखा एकच पडाव्यात म्हणून काका नर्सच्या मागेच लागले.

व्यायाम शिकवणारी मुलगी दर खेपेला बजावायची, "थकवा येणारच. पण नुसतं बसून राहिलात, तर पायांतलं बळ जाईल. कुणाचा हात न धरता खुर्चीतून उठा, रोज थोडं चाला."

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. उपचारांपुरत्या त्या हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत राहत होत्या. नंतर जिना चढता आला तर घरी राहायचं, नाहीतर दूर परगावी मुलाकडे.

पण लोकांना वर पोचवण्यातच काकांचा जन्म गेलेला. बाई जरा हलल्या की, "थांबा, मी आहे ना." हात धरून उठवणार, पाणी आणणार, चाकाची खुर्ची ढकलणार.

"लाडावून ठेवताय मला," बाई म्हणायच्या.

"मग लाडावा की."

आणि बाई गालातल्या गालात हसत बसून राहायच्या. आजवर त्यांच्यासाठी कुणी असं उठलंच नव्हतं. या धावपळीनं काकांचे स्वतःचे पाय मात्र टणक राहिले.

औषध संपलं. रिपोर्ट चांगले आले. बाई आनंदानं घरी निघाल्या... आणि पहिल्या मजल्याच्या आतच मटकन खाली बसल्या. पुन्हा उठवेना.

निरोपाच्या दिवशी त्या काकांच्या घरी आल्या, नातीला घेऊन. बाहेर गाडीत मुलगा थांबला होता.

"तुमचं घर मी घालवलं," काका खाली बघत म्हणाले.

"एकट्यानं नाही हो. मला आवडत होतं... म्हणून तर बसून राहिले."

"पाय सुधारले तर परत याल?"

"या वयात?" बाई हसल्या, पण डोळे भरले. "हात न धरता उठवलं असतंत, तर जावंच लागलं नसतं."

बाहेर हॉर्न वाजला. बाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. काकांचा हात सवयीनं पुढे झाला.

तेवढ्यात नात काकांच्या पाठीमागे गेली. त्यांचे दोन्ही हात तिनं मागे ओढले, घट्ट धरून ठेवले आणि त्यांच्या बगलेतून डोकावत म्हणाली, "हं आजी. आता ऊठ."