पत्रं वाटणाऱ्या बतूलची टाच

डोंगरावरच्या मुलाय इद्रीस गावच्या पायऱ्या चढणाऱ्याला दमवतात. पण बतूलला रडवायची ती उतरण. दोन वर्षं झाली, पोस्टाची पिशवी खांद्याला लावून ती भिंत धरत, खेकड्यासारखी तिरपी उतरायची.

त्या सकाळी मागून गाढववाला ओरडला, "बाजू, बाजू!" ती घाईने सरकली, टाचेमागून कळ उठली आणि ती मटकन बसली... नेमकी एका अनोळखी माणसाने पायरीवर ठेवलेल्या पुदिन्याच्या जुडीवर.

"बसा, बसा," तो म्हणाला. "पुदिन्याचा चहा काय, उद्याही पिता येईल."

"भरून देते तुमचा पुदिना!"

"पुदिना राहू द्या. टाच कधीपासून दुखतेय?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मी झुहैर. दवाखान्यात नवीन आलोय. हातांनी उपचार करतो."

"नुसत्या हातांनी? आणि औषध?"

"ते तुम्ही आणायचं... धीर."

बतूल हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात जाऊ लागली. दार सताड उघडं, बाहेर बाकावर बायका. ती पालथी झोपायची, पाऊल टेबलाबाहेर. झुहैर आधी पोटरीतल्या गाठी अंगठ्यांनी मोकळ्या करी, मग आखडलेला घोटा हळूहळू सैल करी, आणि शेवटी टाचेमागच्या त्या दुखऱ्या शिरेवर अगदी अलगद बोट फिरवी.

"दुखलं तर सांगा."

"सांगितलं तर थांबाल?"

"नाही. पण मला वाईट वाटेल."

घरचा अभ्यासही होता. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं आणि टाच सावकाश खाली सोडायची. ती दारोदारी ते करी. बायका विचारत, "पत्र देतेस की नाचतेस गं?"

बतूलची आई दर खेपेला झुहैरसाठी काहीतरी पाठवी. कधी ऑलिव्ह, कधी अंजिरं, कधी गरम भाकर.

तीन महिन्यांनी एका पहाटे बतूल उठली, पायऱ्या उतरून पाणी घेऊन आली, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की काहीच दुखलं नाही! ती तिथेच बसून रडली. 'अल्लाह, त्या हातांचं भलं कर.'

झुहैरने तिला त्या एकाच पायावर पंचवीस वेळा टाच उचलायला लावली. "झालं. आता यायची गरज नाही."

बतूल टेबलापाशीच उभी राहिली. "आणि... यावंसं वाटलं तर?"

तो हात धुवायला वळला. "दुखणं थांबलं की बरं करणारा माणूस फरिश्ता वाटतो, बतूल. महिन्याभरात ते ओसरतं. मी त्याचा फायदा घेणार नाही."

"आणि तुमच्या मनात?"

"ते महिन्यानंतर विचारा."

महिनाभर ती दवाखान्याची पत्रं खिडकीवर ठेवून न बोलता जात राहिली. एकतिसाव्या दिवशी आत आली.

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. "आज आईने काही दिलं नाही?"

"ते उपकाराचं होतं. उपकार फिटणार नाहीत, नमाजात रोज तुमचं नाव घेते. पण आज त्यासाठी नाही आले. रिकाम्या हातांनी आलेय... विचारायला."

झुहैरचे कान लाल झाले. "मी रोज दारातून तुमची चाल बघत होतो."

"मग? ठीक आहे ना चाल?"

"चाल बघायचं केव्हाच विसरलो... तुम्ही दिसावं, एवढंच."

बाकावरच्या बायका खुदकन हसल्या.

"शुक्रवारी आमच्याकडे कुसकुसचं जेवण आहे," बतूल म्हणाली. "तुमच्या आईला घेऊन या."

"ती तिकडे फेझ शहरात असते..."

"मग लावा की फोन!"

एरवी इतके स्थिर असणारे ते हात आईचा नंबर दाबताना तीनदा चुकले, आणि शेवटी फोन बतूललाच धरावा लागला.