दोन ॲकॉर्डियन

मोठे साहेब, तुम्ही आमच्या लग्नाला 'धोका' म्हणालात. स्वतःच्या केबिनमध्ये, दार लावून, आमच्याकडे न बघता म्हणालात. "तुम्हा दोघांपैकी एकाला जावं लागेल. कोण ते तुम्हीच ठरवा." एवढं बोलून चष्मा पुसायला घेतलात. ठरवायची हिंमत तुमच्यात नव्हती, म्हणून ते लोढणं आमच्या गळ्यात अडकवलंत. हा भित्रेपणा आहे, साहेब. तोंडावर सांगते.

आणि ज्याला तुम्ही धोका म्हणता तो सुरू कसा झाला, हे तुम्हाला ठाऊकच नाही. तेव्हा ऐका. कचेरीतल्या बाकीच्यांनीही ऐकावं. मला लाज नाही, उलट सांगताना मान वर होते माझी.

आमचं काम आवाज जपायचं. जुनी नाटकं, भाषणं, गाणी, गाण्याच्या मध्येच कुणाच्या तरी आजोबांना आलेला खोकला... जे जे कधी टेपवर उतरलं, ते सगळं आता आमच्या संग्रहालयात हार्ड डिस्कवर आहे. रोज नवीन भर पडते ती माझ्या खोलीतल्या डिस्कवर. जे पूर्ण झालं ते पलीकडच्या खोलीत जातं, जुन्या साठ्यात, आणि तिथे कायमचं राहतं. हे काम मला कुणी शिकवलं नाही. मशिनं बिघडवली, शिव्या खाल्ल्या, पुन्हा जुळवली... तशी शिकले. दोन्ही खोल्या सारख्याच गार, सारख्याच घुमणाऱ्या. मध्ये एक भिंत, आणि भिंतीत, टेबलाखाली, वायरींसाठी पाडलेलं एक भोक.

पलीकडचे जुने गृहस्थ निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलंय, याचा मला पत्ता नव्हता. त्या सकाळी टेबलाखाली शिरून मी एक निळी वायर ओढत होते. येईना. जोर लावला, हातभर आली — आणि सर्रकन परत गेली!

मी पुन्हा ओढली. पलीकडून कुणीतरी पुन्हा ओढली.

"सोडा!" मी भोकात तोंड घालून ओरडले.

"तुम्ही सोडा." आवाज शांत. जरासा हसरा.

"माझी वायर आहे ती!"

"नाव लिहिलंय का?"

"लिहिलंय. टोकाला पांढरी पट्टी आहे, बघा."

पलीकडे वायर चाचपल्याची खुडबुड. मग... "आहे की! अक्षर छान आहे हो तुमचं."

"वायर सोडा. अक्षराचं मग बघू."

त्याने सोडली. नेमका तेव्हाच मी सगळा जीव लावून ओढत होते. डोकं वर टेबलाला असं आपटलं की कळ दातांपर्यंत गेली.

"लागलं का हो?"

"नाही!"

"मग टेबलाला लागलं असेल."

मी काही बोलायच्या आत भोकातून एक हात आला. लांब बोटं, नखाला शाईचा डाग, आणि बोटांत गार पाण्यात भिजवलेला रुमाल. मी त्याचा चेहरा दुपारी पाहिला. हात मात्र सकाळीच पाहून ठेवला होता.

त्या दिवसापासून तो 'पलीकडचे' आणि मी 'अलीकडच्या'.

"चहा सांगू का, अलीकडच्या?"

"सांगा. आणि पलीकडचे, साखर कमी."

"पण माझ्या बाजूने बघाल तर पलीकडच्या तुम्हीच."

"मग माझ्या बाजूने बघायला शिका!"

तो हसला की भिंतीतून ऐकू यायचं. मी उगाच टेबलाखाली वायरी तपासायला जायचे. वायरी ठणठणीत होत्या.

आता मुद्द्याचं. आमच्या दोन्ही खोल्यांतल्या डिस्क रोज संध्याकाळी एकमेकींशी ताळमेळ घालतात. त्याला सिंक म्हणतात. इकडे नवीन आलं की तिकडे जातं, इकडून काढलं की तिकडूनही जातं. तिकडचंही तसंच. एके दिवशी त्यात खोट आली. एक बाई आयुष्यभर ॲकॉर्डियन वाजवत होत्या. त्यांच्या वादनाचा फोल्डर होता, नाव 'ॲकॉर्डियन'. सकाळी बघते तर डिस्कवर शेजारी शेजारी दोन फोल्डर, दोन्हींचं नाव 'ॲकॉर्डियन'. अक्षर न् अक्षर सारखं. कॉम्प्युटर कधी एका म्यानात दोन तलवारी राहू देत नाही. एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर? शक्यच नाही!

"पलीकडचे, तुम्ही माझ्या फोल्डरची नक्कल केलीत."

"मी तुमच्या फोल्डरला बोटही लावलेलं नाही. नक्कल तुमच्याकडची."

"मी नकला करत नाही."

"माझी करता की! काल जिन्यात माझ्यासारखं चालून दाखवत होतात. शिपाईकाका भिंत धरून हसत होते."

"ते... ते वेगळं."

"आणि मी इतका वाकडा चालत नाही."

"चालता."

बोलता बोलता वाढलं. तो म्हणाला, मी हट्टी आहे. मी म्हटलं, तो आगाऊ आहे. अबोला झाला. दिवसभर भोकातून चकार शब्द नाही. नुसती डिस्कची घरघर... तेवढ्या वेळात मला कळून चुकलं की ही घरघर किती कंटाळवाणी आहे!

शेवटी मीच मन मोठं केलं. राहू दे त्याचा फोल्डर, आपलाच काढू. काढला. पलीकडे त्याच संध्याकाळी त्यानेही मन मोठं केलं. राहू दे तिचा, आपलाच काढू. मग सिंक चाललं. ते बिचारं आज्ञाधारक. दोघांचंही ऐकलं.

सकाळी डिस्कवर एकही ॲकॉर्डियन नव्हता.

तो धावत माझ्या दारात आला. पहिल्यांदाच. चेहरा पांढराफटक.

"मी माझा काढला," तो म्हणाला. "म्हटलं, तुमचा राहील."

"मी माझा काढला. म्हटलं, तुमचा..."

"तुम्ही माघार घेतलीत?"

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं एवढं गुणी व्हायला!"

आणि ते फोल्डर सारखे नव्हतेच. त्याच्यात जुन्या टेपांवरचं वादन होतं, माझ्यात नवीन. म्हणजे बाईंचं सगळं आयुष्यच पुसलं होतं आम्ही, सौजन्यापोटी. बाई हयात नव्हत्या. त्यांची मुलगी त्याच आठवड्यात ऐकायला यायची होती.

मी खुर्चीत बसले. तो मात्र माझ्या कीबोर्डवर वाकला. "काढलेल्या फायली लगेच मरत नाहीत. सिंक त्या थोडे दिवस बाजूला ठेवतं. मी ती सोय चालू ठेवलीय. जागा वाया जाते म्हणून तुम्ही ओरडला होतात ना, तीच."

"ओरडले नव्हते. बोलले होते."

"भिंत हलली होती."

फायली सापडल्या. पण दोन्हीकडच्या एकाच ढिगात. नावंही सारखीच, पहिली, दुसरी, तिसरी... आणि आतलं वादन वेगळं. ऐकल्याशिवाय लावता येईना. तो आपल्या खोलीतून खुर्ची उचलून घेऊन आला आणि माझ्या शेजारी ठेवून बसला.

खिडकीवर पाऊस वाजत होता. ॲकॉर्डियनचा भाता सूर निघायच्या आधी श्वास घेतो, ते मी पहिल्यांदा त्याच्या शेजारी बसून ऐकलं. तरुणपणी बाईंचा भाता एका श्वासात मोठी तान ओढून न्यायचा. पुढेपुढे तो मध्ये थांबायला लागला. त्या थांबण्यावरून आम्ही क्रम लावला.

"ही आधीची," मी म्हणायचे.

"नाही, नंतरची. ऐका, इथे हात थकलाय."

माझं कोपर त्याच्या कोपराला लागलं. मी काढलं नाही. त्यानेही नाही. दोघंही स्क्रीनकडे इतकं गंभीर बघत होतो की कुणाला वाटावं, परीक्षा चाललीय.

क्रम लागला. फोल्डरला नाव द्यायची वेळ आली. दोघांचे रिकामे फोल्डरही त्या ढिगातून परत आले होते. त्याने आपल्या फोल्डरचं नाव बदलायला घेतलं आणि मागून खोडत गेला. शेवटी फक्त 'ॲ' उरला. त्याने पुन्हा खोडायची कळ दाबली. वरचा अर्धचंद्र गेला, खाली 'अ' तसाच राहिला.

"थांबा!" मी किंचाळले. माझ्या फोल्डरच्या नावावर मी तेच केलं. कळ दाबली — आख्खा 'ॲ' एका झटक्यात गायब.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. माझ्या कीबोर्डवर 'ॲ' ही एकच कळ आहे. तो मात्र आधी 'अ' दाबायचा, मग त्याच्यावर अर्धचंद्र बसवायचा. डोळ्यांना दोन्ही सारखे. कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळी अक्षरं! म्हणून दोन वेगळी नावं, म्हणून दोन फोल्डर. कुणीच नक्कल केली नव्हती. दोघंही खरे होतो, आणि दिवसभर भांडलो होतो.

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे तुम्ही 'अ'ला आधी बसवून घेता आणि मग अर्धचंद्र देता!"

"देतो. पण तो जागचा हलत नाही. चिवट आहे, माझ्यासारखा."

बाईंची मुलगी आली. हेडफोन लावून ऐकत बसली. शेवटची फाईल संपल्यावर तिने हेडफोन काढले. मग म्हणाली, "आई अगदी ओळीने म्हातारी होत गेली हो." हे वाक्य मी कुणाच्याही शाबासकीशी बदलणार नाही, साहेब. तुमच्याही नाही.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून एक शिस्त लावली. दोन्ही खोल्यांतून 'हो' आल्याशिवाय काहीही पुसलं जाणार नाही. तुमच्या अहवालात तिचं कौतुक आहे. ती आमची आहे.

खुर्ची मात्र माझ्याच खोलीत राहिली.

"न्यायची ना परत?" मी विचारलं.

"न्यायची..."

"मग न्या."

"जड आहे."

"आणताना हलकी होती वाटतं?"

"आणताना कारण होतं." तो खुर्चीच्या पाठीवर बोटं फिरवत राहिला. "आता... कारण नसताना ठेवली तर चालेल का?"

"मला गोल गोल बोललेलं आवडत नाही."

"मला तुम्ही आवडता."

कान तापले माझे. "अहो, इतकंही सरळ नको होतं..."

"मग थोडं वाकडं बोलू? चालतोच आहे वाकडा."

"खुर्ची राहू दे," मी म्हटलं. "आणि तुम्हीही."

त्याला आत्याने वाढवलं. आत्यांनी मला समोर बसवून आपादमस्तक न्याहाळलं. "काय गं, भांडाल का तुम्ही?"

"रोज, आत्या."

"झालं तर मग. न भांडणाऱ्यांची मला भीती वाटते. आतल्या आत कुजतात मेले."

लग्न झालं. आणि साहेब, त्यानंतर तुम्ही आम्हाला बोलावलंत. म्हणालात, पुसायला दोघांचा 'हो' लागतो, पण नवरा-बायको म्हणजे एकच माणूस. मग दोन 'हो' कसे धरायचे? एकाने जावं. मी तिथेच म्हटलं, फोल्डर पुसला गेला तेव्हा आम्ही एकमेकांचे कुणी नव्हतो, एकमेकांशी बोलतही नव्हतो. तेव्हा धोका नव्हता का? तुम्ही चष्मा पुसत राहिलात.

बाहेर आलो. जिन्यात तो थांबला. आता आम्ही 'तू'वर आलो होतो.

"मी जातो," तो म्हणाला. "मला दुसरीकडे कुठेही काम मिळेल. तू ही खोली शून्यातून उभी केलीस."

"आणि तू? तू काय टाइमपास करायला येत होतास?"

"तसं नाही गं... तुला त्रास नको."

माझी तार सटकली. जिन्यात माणसं होती, असू देत. "माझ्यासाठी स्वतःला पुसून टाकायचा तुला काय अधिकार? त्यालाही माझा 'हो' लागतो. आणि तो मी देत नाही. या जन्मात देणार नाही. समजलं?"

तो हळूच हसला. ओठांच्या एका कोपऱ्यातून, जसा भिंतीपलीकडे हसत असणार तसा. "समजलं. आवाज खाली घे, भिंत हलतेय."

त्याने माझा हात धरला. सगळ्यांसमोर, जिन्यात. मी सोडवला नाही. आम्ही तसेच खाली उतरलो, आणि मला वाटलं, माझ्याइतकी ताठ मानेने या जिन्यावरून कधी कुणी उतरलं नसेल.

तर साहेब, नवरा-बायको म्हणजे एकच माणूस, हे तुम्हाला कुणी सांगितलं? कालच त्याने एक खराब टेप पुसायला काढली. मी 'नाही' म्हटलं. तो रुसला, जेवला नाही, मी मनवलंही नाही. टेप जागेवर आहे. आमच्यात रोज दोन डोकी, दोन मतं आणि दोन 'नाही' असतात. तुमच्या आख्ख्या कचेरीत एवढी कडक राखण दुसरी दाखवा.

आम्ही कुणाचंही नाव देणार नाही. सोमवारी दोघंही कामावर येणार, आपापल्या खोलीत बसणार. नाव तुम्ही घ्यायचं. दार उघडं ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि नावाच्या पुढे कारणही सांगायचं. त्या माणसाच्या हातून लग्नानंतर काय हरवलं? कोणता आवाज गेला? एक तरी दाखवा.

बोला, साहेब. कुणाला काढताय, आणि कशासाठी?