कयाकच्या तळाला पाडलेलं भोक

"होडी? घरी? तुम्ही?"

वसईच्या लाकडाच्या वखारीत संपदाच्या मागून कुणीतरी खुदकन हसलं. ती फणकाऱ्यानं वळली. सायबर कॅफेतून छापून आणलेले कयाकचे, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या निमुळत्या होडीचे, नकाशे तिनं छातीशी घट्ट धरले होते. समोर पाचूबंदरचा कॉन्रॅड... खांद्यावर भुसा, डोळे मिश्कील. त्याच्या घरात आजोबांपासून होड्या बांधायचं काम, आणि ही उमेळ्याच्या फ्लॅटमधली पोरगी, जन्मात साधा पाटही ठोकला नव्हता!

"हसायला काय झालं?"

"हे प्लाय नेलंत तर पान्यात लगदा होईल, म्हनून हसलो."

त्यानं चांगलं प्लाय निवडून दिलं, आणि रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून, हत्यारांची पिशवी घेऊन तिच्या बिल्डिंगच्या गच्चीवर हजरही झाला. मग रविवारमागून रविवार... पट्ट्या वाकवताना त्याचा हात तिच्या हाताला निसटता लागायचा, खाडीकडून वारा यायचा, आणि हातातला पॉलिश पेपर तसाच राहायचा. बाई गं, हे काय होऊन बसलं!

हां हां म्हणता कयाक उभी राहिली. उरली फक्त पाण्याची परीक्षा. होडीत पाणी भरायचं, बाहेर थेंब आला नाही की पास. "मग माझं काम संपलं," कॉन्रॅड सहज म्हणाला होता. सहज! संपदानं मात्र लगेच हिशेब केला. काम संपलं म्हणजे रविवारही संपले.

शनिवारी दुपारी तिनं जीव घट्ट केला, ड्रिल उचललं, आणि चार महिने जपलेल्या कयाकच्या तळाला एक बारीकसं भोक पाडलं.

रविवारी बादल्या ओतल्या. टप्... टप्... कॉन्रॅड खाली वाकला. तळावरून हात फिरवत एका जागी बोट टेकवलं.

"गळतेय का?" तिनं अगदी भाबडेपणानं विचारलं.

"जोडातून गळलं असतं तर माझी चूक. पन हे ड्रिलचं भोक हाय, आतून पाडलेलं. कोनी पाडलं?"

संपदाचे कान तापले. "...मी."

"का?"

तिनं रिकामी बादली त्याच्याकडे सरकवली. त्यानं पाणी उपसलं, लाकडाची खुंटी तासली, ठोकून बसवली, पुन्हा पाणी भरलं. एक थेंब नाही.

"झाली होडी." त्यानं पिशवी उचलली, पण पाय काही निघेना. "आता तूच सांग... मी कशाला येऊ?"

तू! चार महिन्यांत पहिल्यांदाच.

"माझ्यासाठी ये," ती एका दमात बोलून गेली.

एवढा आडदांड गडी, पण कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

"पुढच्या रविवारी?"

"उद्या."

"उद्या कामाचा दिवस हाय गं—"

"मग काम आटपून ये. आणि ती पिशवी घरी ठेवून ये."