नववी वाटी

"आठच गोल पूर्ण आहेत. नववा बघ, मध्येच तुटलाय!" चष्मिस म्हणाली.

ढब्बू आणि चिमणी वाकून बघू लागले. सुट्टीत आत्याच्या कारखान्यात यायला मिळावं म्हणून या तिघा भावंडांनी आठवडाभर तिचं डोकं खाल्लं होतं. इथं मोठमोठ्या दुर्बिणींचे आरसे बनत. खोलीएवढी काच उचलायला क्रेनला एक चौकट टांगलेली होती आणि तिला खाली नऊ रबरी वाट्या. पंपानं आतली हवा ओढली की वाट्या काचेला घट्ट चिकटत. सकाळी सरावाच्या काचेवर त्या चिकटवून पाहिल्या होत्या, त्यांचेच हे ओलसर गोल.

"म्हणजे नववी वाटी फाटलीय!" ढब्बू ओरडला.

आणि तिकडे त्याच वाट्या खऱ्या आरशाला चिकटवून झाल्या होत्या! आत्यानं तीन वर्षं खपून तो घासला होता. पडला तर?

तिघं मुकादमकाकांकडे पळाले.

"वाट्यांची पकड दाखवणारा हा काटा बघा, हिरव्यावर आहे," काका हसले. "वीस वर्षं हेच करतोय मी. आता लुडबूड पुरे!"

"उचलायचं काम त्यांचं. त्यांना करू द्या," आत्याही म्हणाली.

पण हवा ओढून झाली तरी पंप थांबत का नव्हता? चष्मिसनं कान टवकारले. घरघर चालूच!

"हवा आत शिरतेय आणि पंप ती सारखी ओढतोय," ती कुजबुजली. "म्हणून काटा हलत नाही!"

चिमणीनं मोबाइल काढला. "काका, तुमचा व्हिडिओ काढते! पण पंपाचा फार आवाज येतोय हो. उचलायच्या आधी दोनच मिनिटं बंद करता?"

काकांची कळी खुलली. आरसा अजून टेबलावरच होता. त्यांनी बटण बंद केलं, मिशीवरून हात फिरवला. "तर मंडळी, ही चौकट म्हणजे..."

"काका, काटा!"

काटा हिरव्यातून सरकत थेट लाल भागात उतरला. काकांनी वाट्या सोडवून नुसती चौकट वर घेतली आणि नवव्या वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. नखाएवढी चीर!

"उचलल्यावर वीज गेली असती तर..." आत्या मटकन स्टुलावर बसली. मग तिनं तिघांना एकदम जवळ ओढलं. तिला रडू आवरत नव्हतं.

"शाब्बास रे पोरांनो," काका ओशाळून म्हणाले. "चूक माझी. उद्या नवी वाटी बसवतो. पंप बंद करून अर्धा तास काट्यावर लक्ष तुम्ही ठेवायचं. तुम्ही हो म्हणाल, तेव्हाच हा आरसा जागचा हलेल!"