एवाल्डची उलटी तार

चांगलं चाललेलं सुधारायला जाऊ नये, हे तोर्किलला कुणी शिकवायला नको होतं. उभा जन्म त्याने कारखान्यात लाउडस्पीकर जोडण्यात काढला. पण निवृत्त माणसाचे हात शिवशिवतात, त्याला काय करणार? लग्नाला पन्नास वर्षं पुरी होणार शनिवारी, आणि सोमवारीच या गृहस्थाने दिवाणखान्यातले दोन्ही स्पीकर आडवे पाडून त्यांची आतडी बाहेर काढली.

बायकोने, बोडिलने, एकच गोष्ट मागितली होती. लग्नाच्या जेवणात तिच्या वडिलांनी केलेलं भाषण एका जुन्या टेपवर होतं. शनिवारी सकाळी शेजारी रिवाजाप्रमाणे दाराला पानांची हिरवी कमान बांधून गाणं म्हणायला येतील, तेव्हा ते सगळ्यांसोबत ऐकायचं. तिचे कान उतरत चालले होते. पुढल्या वर्षी काय ऐकू येईल याची डॉक्टरलाही खात्री नव्हती. "बाबांचा आवाज एकदा नीट ऐकू दे," ती म्हणाली होती, "मग कान गेले तरी माझं काही म्हणणं नाही."

म्हणून तर तोर्किल कामाला लागला. जाड, मधला, बारीक असा आवाज वाटून तीन भोंग्यांना देणारी आतली पट्टी म्हातारी झाली होती. त्याने तिच्यावरचे सुकलेले कपॅसिटर काढले, नवे भारी बसवले, तारा बदलल्या. तेव्हा त्याला दिसलं, की दोन्ही खोक्यांत मधल्या भोंग्याच्या तारा उलट्या, लाल काळ्याच्या जागी. आणि तो पोट धरून हसला.

हे काम एवाल्डचं. बोडिलचा भाऊ. लग्नाच्या आदल्या हिवाळ्यात दोघांनी मिळून हे स्पीकर बांधले होते. एवाल्डला लाल रंग काळाच दिसायचा, त्यावरून कारखानाभर त्याची थट्टा. तोही काही कमी नव्हता. तोर्किल चुकला की उतरत्या तीन सुरांची शीळ घालायचा आणि साखरपुडाही झाला नव्हता तेव्हापासून "काय दाजी!" म्हणून चिडवायचा. पुढच्याच वसंतात एवाल्ड होडीसकट खाडीत बुडाला. बहिणीचं लग्न काही त्याला बघायला मिळालं नाही.

"आंधळ्या," तोर्किल प्रेमाने म्हणाला, "पन्नास वर्षं उलट्या तारेवर ऐकलं रे आम्ही." आणि त्याने दोन्ही खोक्यांत लाल लालला लावली.

शुक्रवारी दुपारी टेप लावली. बाहेर खाडीवरून धुकं आलेलं, खिडकीत कुंपणसुद्धा दिसेना. चमच्यांची किणकिण काचेसारखी स्वच्छ, खुर्च्या सरकल्या त्या पायाखाली जाणवल्या. मग सासरे बोलायला उभे राहिले, आणि त्यांचा आवाज... नव्हताच. म्हणजे दूर कुठेतरी विहिरीत कुणी पुटपुटावं तेवढाच.

तोर्किलने टेप थांबवली. त्याने जुने कपॅसिटर परत लावून पाहिले, रेझिस्टर बदलला, तारांच्या झाळकामाचा एकूण एक टाका तपासला. विहीर तशीच. शेवटी उजवं खोकं बंद करून तो डाव्याच्या उघड्या पाठीशी बसला, टेप पुन्हा सुरू केली आणि बोटाने एकेक भाग चाचपू लागला.

सासऱ्यांचा आवाज जिथे असायला हवा होता, तिथून शीळ आली. उतरते तीन सूर.

त्याने टेप बंद केली. चाकं थांबली. शीळ थांबली नाही.

खोलीत ओल्या लोकरीचा आणि हेरिंग माशांचा वास भरला. तोर्किलच्या मानेवरचे केस ताठ झाले, पण बोट तिथेच राहिलं. ते कपॅसिटरकडे नेलं, शीळ खाली गेली. रेझिस्टरकडे नेलं, आणखी खाली. मग हळूच मधल्या भोंग्याच्या तारेकडे... सूर चढला. वस्तू लपवण्याच्या खेळात जवळ आलं की आमच्याकडे पोरं ओरडतात ना, 'दोरी जळते, दोरी जळते', अगदी तसा चढत गेला.

"अरे..." तोर्किल पुटपुटला. "तू मुद्दाम उलटी लावली होतीस?"

शीळ बंद पडली. आणि मग त्याला उमगलं. या पट्टीतून मधला सूर उलटा होऊन बाहेर पडतो, म्हणून तार उलटीच हवी, नाहीतर दोन भोंगे एकमेकांचा आवाज खातात. चाळीस वर्षं हाच धंदा केलेल्या माणसाने नुसते रंग बघून हात चालवला होता. रंग न दिसणाऱ्याने मात्र कानाने जोडलं होतं.

भीती कुठल्या कुठे गेली. हसता हसता त्याचे डोळे वाहू लागले. डावी तार उलटवली, मग उजवं खोकं उघडलं. तिथली तार आधीच उलटी होती. टाक्याच्या टोकाशी तारेचं एक जादा वेटोळं, एवाल्ड ठेवायचा तसं. तोर्किलने बोट लावलं आणि चटकन काढलं. टाका गरम होता.

त्याने हे कुणालाही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी कमानीखाली बारा शेजारी बेसूर आणि मनापासून गायले. आत कॉफी, पाव, चीज, थोडी कडक दारूही. मग टेप लागली आणि सासरे असे बोलले, जणू टेबलापाशीच उभे आहेत. लेक लहानपणी कोंबड्यांना भाषणं द्यायची, हे त्यांनी सांगितलं तेव्हा सगळे खदखदून हसले. बोडिल हसत होती, रडत होती, आणि तिच्या कानातून एकही शब्द सुटला नाही.

गर्दी पांगल्यावर तिने विचारलं, "काल दुपारी शीळ कोण घालत होतं?"

"मीच असेन," तोर्किल म्हणाला.

"तुला आयुष्यात कधी जमली नाही. आणि मला तर गेलं वर्षभर किटलीची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही." ती स्पीकरकडे वळली. "पण ती ऐकली."

तिने आणखी एक कप कॉफी ओतली, एवाल्डला लागायची तशी दोन चमचे साखर घातली आणि तो कप उजव्या स्पीकरवर नेऊन ठेवला.