भरलेली लाँच

रिकामी असली की लाँच वाऱ्यासारखी पळायची. माणसं बसली की अर्ध्या वाटेत इंजिन मान टाकायचं. गेले काही दिवस आपल्या लाँचबद्दल भाऊजींची हीच रड होती, आणि मिस्त्री दर वेळी हसण्यावारी न्यायचा. "म्हातारं झालंय ते, भाऊजी. तुम्हालाही जिना चढताना दम लागतोच की."

त्या दुपारी मात्र हसायची सोय नव्हती. बेटावरच्या दवाखान्यात भाऊजींची मुलगी सकाळपासून कळा सोसत होती आणि मूल आडवं होतं. नर्सबाई हात पुसत बाहेर आल्या. "आता माझ्या हातात काही राहिलं नाही. पलीकडच्या इस्पितळात न्या, लगेच." बेटावरची दुसरी लाँच केव्हाच निघून गेली होती. तिची आई, म्हणजे मिस्त्रीची बहीण, पोर पाळण्यात असतानाच वारली. तेव्हापासून भाची मामाच्या अंगाखांद्यावर वाढली होती. त्याने हत्यारांची पेटी उचलली आणि धावत जेट्टी गाठली.

त्याने डिझेलचा फिल्टर बदलला. नळीतली हवा काढली. नोजल उघडून पाहिलं. फवारा हवा तसाच, धुक्यासारखा बारीक होता. पंख्यात दोर अडकला असेल म्हणून अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरला. पंखाही मोकळा. शेवटी लाँच दोरांनी जेट्टीला जखडून त्याने गिअर टाकला आणि पूर्ण रेस दिली. दोर तारेसारखे ताणले, जेट्टीचे खांब करकरले, पण इंजिनाचा आवाज तसूभरही बसला नाही.

"ओढतंय की," भाऊजी म्हणाले.

"ओढतंय," मिस्त्री म्हणाला. त्याला ते मुळीच आवडलं नव्हतं. खोट सापडली असती तर काढता आली असती.

भाचीला गादीसकट लाँचच्या मधोमध निजवलं. नर्सबाई तिच्या उशाशी बसल्या, भाऊजींनी सुकाणू धरलं, मिस्त्री इंजिनापाशी बसला. किनारा मागे पडला तसा आवाज जड होत गेला. धुराड्यातून काळा धूर निघू लागला. काळा धूर म्हणजे इंजिनाला ओझं झेपत नाही, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. पण ओझं कसलं?

"मिस्त्री, काहीतरी करा," भाऊजी पाठमोरेच म्हणाले.

त्याने फळी उचलून तळाशी हात घातला. कोरडं ठणठणीत. मग नांगर, साखळी, सुटी बाकं, जे हाताला लागेल ते त्याने पाण्यात ढकललं. काही फरक पडला नाही. तो काठावरून वाकला. लाँचच्या अंगावरचा लाल पट्टा एरवी पाण्याच्या हातभर वर असायचा. आता तो दिसतच नव्हता. खचाखच माणसं भरल्यावरही लाँच इतकी खोल बसायची नाही.

"मामा," भाची क्षीण आवाजात म्हणाली. तिने गुडघे पोटाशी घेतले होते. "यांना जरा सरकायला सांगा ना. मला पाय पसरता येत नाहीत."

तिच्या पायांपुढे मोकळ्या फळ्या होत्या.

"ग्लानीत आहे," नर्सबाई म्हणाल्या. पण जरा वेळाने त्यांनी शेजारची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

इंजिन ठोके चुकवायला लागलं. पलीकडचा किनारा जागचा हलत नव्हता. भाचीच्या कण्हण्याचा आवाजही बंद झाला.

मिस्त्री गुडघ्यांवर आला. कुणाकडे बघावं हे न कळून त्याने मोकळ्या फळ्यांपुढेच हात जोडले.

"पोरीला आधी पोचवू द्या," तो म्हणाला. "मग म्हणाल तिथे नेतो. मी स्वतः नेतो."

काळा धूर विरळ झाला. आवाज मोकळा झाला, आणि लाँच पुढे सुटली.

इस्पितळ जेट्टीच्या वरच होतं. माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली. भाऊजी आणि नर्सबाई तिच्यामागे पायऱ्या चढून गेले. मिस्त्रीने लाँच बांधली, इंजिन बंद केलं आणि तोही निघाला. जाता जाता त्याने वळून पाहिलं.

लाँच रिकामी होती. लाल पट्टा अजून पाण्याखालीच होता.

नेतो म्हणून त्याने शब्द दिला होता. तो तिथेच बसून राहिला. ऊन उतरलं. पाणी अगदी निवांत होतं.

मग लाँच जेट्टीच्या बाजूला कलली. कुणी पाय ठेवून आत चढावं, तेवढीच.

पाठोपाठ आणखी एकदा कलली. या वेळी अगदी हलकेच.

त्याने वर पाहिलं. इस्पितळाच्या दारात भाऊजी येऊन उभे होते. ते खाली येत नव्हते, हाकही मारत नव्हते.

लाँच सावकाश सरळ झाली, आत बसलेल्यांनी सरकून जागा करून द्यावी तशी.