उतारावरची सहावी सायकल

"माझी बायको गेली त्याला आज तेवीस दिवस झाले," पाहुणा म्हणाला. "ज्याच्यामुळे गेली, तो स्वतःच्या बचावासाठी चकार शब्द काढत नाही. मला ते पटत नाही."

बाईंनी त्याला खुर्ची पुढे केली. विमा कंपनीसाठी अपघात तपासण्यात बाईंची वीस वर्षं गेली होती. आता त्या खाजगी कामं घेत. सोबतीला असत मास्तर, निवृत्त भूगोल शिक्षक. अक्षर मोत्यासारखं, पण डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागे.

पाहुणा दातांच्या कवळ्या बनवणारा कारागीर होता. त्याची बायको दुकानांच्या पाट्या रंगवायची. सोळा वर्षांची एकुलती मुलगी सायकलच्या शर्यतीत उतरायची. त्या दिवशी शर्यत संपल्यावर बाकीची मुलं बसने गेली आणि सहा सायकली पिकअपच्या हौद्यात चढल्या. पुढे ड्रायव्हर, प्रशिक्षक आणि मुलगी बसली. जागा नव्हती म्हणून आई स्कूटरवर मागून निघाली. खिंडीच्या उतारावर सहावी सायकल, तिच्या मुलीचीच, हौद्यातून निसटून स्कूटरपुढे पडली.

ड्रायव्हरने पोलिसांना एकच वाक्य सांगितलं होतं, बांधण्यात माझी चूक झाली. प्रशिक्षक त्याचा जुना मित्र. त्यालाच ड्रायव्हर पाठीशी घालतोय, असा पाहुण्याचा संशय होता.

त्याने पोलिसांच्या फोटोंच्या प्रती आणल्या होत्या. बाई दोन फोटोंवर थांबल्या. एकात रिकाम्या जागी पट्टा तसाच आवळलेला होता आणि त्यात सायकलची सीट, खालच्या दांड्यासकट, अडकून राहिली होती. दुसऱ्यात सायकल रस्त्यावर पडलेली. निळ्या फ्रेमवर लाल धुळीचा थर, फक्त वरच्या नळीवर दोन बोटं रुंदीची जागा स्वच्छ. त्या जागी रंग खरवडला होता.

"पट्टा तुटला असणार," मास्तर म्हणाले.

"मग सीट कशात अडकलीय, मास्तर?"

मास्तरांनी लिहिलेलं खोडलं.

ड्रायव्हर घरीच होता. परवाना पोलिसांकडे जमा होता. बाईंनी सायकल कशी बांधतात ते दाखवायला सांगितलं. त्याने हौद्याच्या मागच्या फाळक्यावर जुनी गोधडी टाकली. सायकलचं पुढचं चाक फाळक्याबाहेर लटकतं सोडलं, मागचं हौद्यात टेकवलं. पट्टा फ्रेमच्या नळीवरून घेतला, एका हाताने खटका दाबून धरला, दुसऱ्याने ओढला. मग सायकल गदागदा हलवून पाहिली. जागची हलली नाही.

"सीटवरून पट्टा घेतला तर?"

"बैल कुणी शेपटीला बांधतं का?" तो बोलून गेला आणि त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "त्या दिवशी मीच तसा बांधला. वाटेत चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा. घाई होती."

प्रशिक्षकाचा उजवा हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये होता, शर्यतीच्या आधीपासून. शर्टाची बटणंही बायको लावून देते, असं त्याने ओशाळून सांगितलं. टपरीवर तो आत चहा पीत बसला होता.

टपरीवालीला तो दिवस चांगलाच आठवत होता. शर्यतीच्या मैदानापासून तिच्या टपरीपर्यंत कच्चा लाल रस्ता, पुढे डांबरी. सगळे धुळीने माखून आले होते. स्कूटरची हवा कमी झाली होती म्हणून ड्रायव्हर आल्यापासून पंप मारत होता आणि मुलीची आई शेजारी उभी राहून बोलत होती. हवा भरली तसे सगळे लगेच निघाले. मुलीने चहा नको म्हटलं. ती बाहेरच थांबली होती.

परतताना बाई कारागिराच्या घरी गेल्या. मुलीने पाणी आणून दिलं. सायकलचा रंग कुणी दिला, एवढंच बाईंनी विचारलं.

"आईने. तीन संध्याकाळी बसून," मुलगी म्हणाली आणि आत गेली.

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत.

दोन दिवसांनी त्याच घरी चौघे बसले: कारागीर, ड्रायव्हर, बाई, मास्तर. मुलगी दाराला टेकून उभी होती. बाईंनी तिला खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

"पट्टा तुटला नव्हता, सुटलाही नव्हता," बाई सांगू लागल्या. "तो सीटवर आवळला होता. उतारावर हादरे बसले, सीट दांड्यासकट नळीतून उपसून आली आणि सायकल निसटली. पण फ्रेमवर पट्ट्याच्या रुंदीएवढी जागा बिनधुळीची होती. म्हणजे धुळीच्या रस्त्यावर पट्टा फ्रेमवरच, योग्य जागी होता. तो हलवला गेला टपरीवर."

"मीच हलवला," ड्रायव्हर म्हणाला.

"तुम्ही स्कूटरला पंप मारत होता, हिची आई शेजारी उभी राहून बोलत होती. टपरीवालीने पाहिलंय."

"मग प्रशिक्षक," कारागीर म्हणाला.

"त्या खटक्याला दोन हात लागतात. त्यांच्याकडे एकच होता."

मास्तरांनी वहीतून मान वर केली, दाराकडे पाहिलं आणि वही मिटली. या वेळी त्यांना वेळ लागला नाही.

"त्या जागी रंग खरवडत होता," मुलगी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "आईने दिलेला रंग. मी पट्टा काढून सीटवर घेतला. घट्ट ओढला, बाबा. खूप घट्ट ओढला."

"गाडी थांबवून आम्ही मागे धावलो," ड्रायव्हर म्हणाला. "हिने पट्ट्यातली सीट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पोरी, तू यातलं काही बोलायचं नाहीस. आणि मी खोटं कुठे बोललो? निघण्याआधी गाडीभोवती फेरी मारून प्रत्येक पट्टा हलवायचा, हा माझा नियम. त्या दिवशी मी फेरी मारली नाही. चूक माझीच."

"दोघांची आहे," बाई म्हणाल्या. "आणि ती उद्या पोलिसांना दोघांनी आपापली सांगायची. एकाने दोघांची वाहिली तर दोघंही मोडतील."

मुलीने मान डोलावली. मग ती खाली बसली, फरशीवरच. कारागीर उठून तिच्याजवळ गेला आणि त्याने तिचं डोकं पोटाशी धरलं. हुंदका कुणाचा होता, ते मास्तरांना कळलं नाही.

शेवटी कारागीर ड्रायव्हरकडे वळला. बायकोशी शेवटचं बोललेला माणूस तोच होता, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"हवा भरताना ती काय बोलत होती?"

"म्हणाल्या, तुमच्या गाडीच्या दारावरचं नाव पुसट झालंय. या आठवड्यात रंगवून देते. कोणता रंग हवा, ते विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच सांगा."

"मग?" मुलीने विचारलं. "कोणता म्हणाली?"

"दाराकडे बघत विचार करत होत्या," ड्रायव्हर म्हणाला. "तेवढ्यात हवा भरून झाली."